सव्वासात इंची इंजिन रुळावरून घसरलं, तर आधी पाणी बघा

प्रश्न असा आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने सव्वासात इंची गेजचं, म्हणजे दोन रुळांत तेवढंच अंतर (१८४ मिमी) असलेलं, छोटं पण खरोखर वाफेवर चालणारं इंजिन जुन्या मालकाकडून घेतलं. पुढे लहान चाकांची एक जोडी, मग ड्रायव्हिंगच्या, म्हणजे वाफेच्या जोरावर फिरणाऱ्या मोठ्या चाकांच्या, तीन जोड्या, मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याची गाडी. टेंडर सोडून वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. गेल्या रविवारी क्लबच्या रुळांवर मुलांना फिरवताना ते सांध्यावर, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते तिथे, घसरलं. लहान चाकं आणि ड्रायव्हिंगच्या पहिल्या दोन जोड्या स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या ठोकळ्यांवर, आल्या, शेवटची जोडी रुळावरच राहिली. बॉयलरमध्ये चौरस इंचाला ८० पौंड दाब होता. दोघांनी बाजूच्या हँडरेलला धरून इंजिन उचललं आणि कसंबसं रुळावर ठेवलं. हँडरेल वाकली, एकाची पाठ धरली, आणि संध्याकाळी उजव्या सिलिंडरखालून पाणी ठिबकताना दिसलं. त्यांनी विचारलंय: विस्तव पाडायला हवा होता का, हाताने उचलणं चूक होतं का, जॅक लावायचा तर कुठे, आणि येत्या रविवारी इंजिन चालवायला हरकत आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. येत्या रविवारी चालवू नका. का, ते पुढे येईलच.

मी बावीस वर्षं इथल्या एका क्लबात सव्वासात इंची आणि पाच इंची इंजिनं चालवतो. वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यामुळे पहार, पाचर आणि पॅकिंग हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकलेत. एवढ्या वर्षांत घसरलेली इंजिनं पुष्कळ पाहिली, माझंही घसरलं. घसरण्यामुळे इंजिनाचं मोठं नुकसान झालेलं क्वचित दिसलं. नुकसान झालं ते पुढच्या पाच मिनिटांत, उचलण्याच्या घाईत. मागे डब्यांवर मुलं बसलेली असतात, त्यांचे आईवडील फोनवर चित्रण करत असतात, मागून दुसरी गाडी येणार असते, आणि कोणीतरी म्हणतंच, "अहो, चौघे मिळून उचलू, दोन मिनिटांचं काम." त्या दोन मिनिटांना नाही म्हणता आलं पाहिजे.

पहिल्या अर्ध्या मिनिटात करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. सिलिंडरला वाफ सोडणारा रेग्युलेटर बंद, कारण तो उघडा राहिला तर चाकं फिरत राहतात आणि इंजिन खडी खणत आणखी लांब जातं. डब्यांचा ब्रेक घट्ट. पुढे-मागे जाण्याचा दांडा, म्हणजे रिव्हर्सर, मधोमध. सिलिंडरमधलं पाणी बाहेर सोडणाऱ्या ड्रेन कॉक उघड्या. ब्लोअर, म्हणजे धुराड्यातून हवा वर ओढणारा वाफेचा झोत, किंचित चालू ठेवायचा. विस्तव पेटलेला असताना तो बंद केला आणि कुणी फायरबॉक्सचं दार उघडलं, तर ज्वाळा तोंडावर येते. मग प्रवाशांना उतरवायचं, मुलांना दहा पावलं लांब न्यायचं, आणि एका माणसाला लाल झेंडा देऊन मागे पाठवायचं. हा झेंडेवाला कधी विसरू नका. वळणापलीकडून येणाऱ्या ड्रायव्हरला तुमचं इंजिन दिसत नसतं.

एवढं झालं की चाकांकडे न बघता गेज ग्लासकडे, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे, बघायचं.

हे मी शिकलो ते आमच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्या सभासदाकडून. तरुणपणी ते खऱ्या रेल्वेत फायरमन होते. एकदा एक इंजिन असंच नाक खाली करून बसलं होतं, आम्ही सगळे चाकांभोवती गोळा झालो होतो, आणि हे गृहस्थ ओल्या गवतात गुडघे टेकून, खिशातला छोटा टॉर्च काढून ग्लासच्या मागून उजेड पाडत होते. पाण्याची रेषा नीट दिसेपर्यंत ते कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. रेषा दिसली, त्यांनी बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर चालू करायला सांगितलं, आणि मगच उठून विचारलं, "आता सांगा, किती चाकं खाली आहेत?"

यामागचा हिशेब साधा आहे. फायरबॉक्सच्या छतावर कायम पाणी हवं. खालून विस्तव आहे आणि वर पाणी नाही, अशी वेळ आली तर ते तांब्याचं छत तापत जातं. बॉयलरचे जोड धरून ठेवणारा चांदीचा डाक वितळायला ६०० अंशांच्या वर तापमान लागतं, पण तांबं त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं, आणि वरून ८० पौंडांचा दाब तर चालूच असतो. एरवी ग्लास अर्धी भरलेली असेल तर छतावर साधारण २० ते २५ मिमी पाणी असतं. मोठ्या इंजिनाच्या मानाने ही फार थोडी शिल्लक आहे, आणि इंजिन कलंडलं की पाणी जागा बदलतं.

तुमच्या बाबतीत नाक खाली गेलं होतं. रूळ साधारण २५ मिमी उंचीचा धरला, तर चाकाची कड, म्हणजे फ्लँज, स्लीपरला टेकेपर्यंत चाक वीसेक मिलिमीटर खाली येतं. शेवटची जोडी वरच राहिली, म्हणजे सगळ्या इंजिनाला साधारण पंचवीसास एक असा उतार मिळाला. ग्लास बॉयलरच्या मध्यापासून ४०० मिमी मागे असेल, तर तिथली पाण्याची पातळी १६ मिमी खाली जाते. अर्धी ग्लास होती ती जवळपास तळाला येते. अशा वेळी लोक म्हणतात, "इंजिन वाकडं आहे ना, म्हणून ग्लास खोटं दाखवते." नाक खाली असताना ग्लास अजिबात खोटं बोलत नाही. ती बॉयलरच्या मागच्या टोकाला बसवलेली असते, छताची मागची कडही तिथेच असते, आणि पाणी सगळ्यात कमी तिथेच झालेलं असतं.

ग्लास फसवते ती नाक वर असताना. टेंडरकडची बाजू खाली बसली, की पाणी मागे येतं, ग्लास भरलेली दिसते, आणि छताच्या पुढच्या कडेवर त्याहून कमी पाणी असतं. फायरबॉक्स लांबीला दोनशे मिलिमीटर असेल तर हा फरक आठेक मिलिमीटरचा असतो, तो सोसता येतो. इंजिन आडवं कलंडलेलं असताना मात्र ग्लासवर विसंबूच नका. ग्लास खालच्या बाजूला असेल आणि इंजिन दहा अंश झुकलेलं असेल, तर ग्लास आणि छताची वरची कड यांच्यात वीस-बावीस मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे ग्लास अर्धी दिसत असताना छताची एक कड उघडी पडलेली असू शकते.

म्हणून विस्तवाबद्दल माझं उत्तर असं. ग्लासमध्ये पाणी दिसतंय, इंजिन नाक खाली करून पण आडवं न झुकता उभं आहे, इंजेक्टर किंवा हातपंप चालतोय: पाणी भरा, ग्लास पाऊणपर्यंत आणा, दाब उतरू द्या, आणि विस्तव राहू द्या. पाणी आत गेल्यावर दाब आपोआप उतरतो, हा दुसरा फायदा. पण ग्लासमध्ये पाणी दिसत नसेल, किंवा इंजिन एका अंगावर झुकलं असेल, तर विस्तव बाहेर काढायचा. अशा वेळी आत पाणी सोडायचं नाही. छत उघडं पडून तापलेलं असेल तर त्यावर थंड पाणी पडणं हे सगळ्यात वाईट.

विस्तव पाडायचा कसा, तेही सांगतो, कारण घसरलेल्या इंजिनात हे काम नेहमीसारखं होत नाही. पुष्कळ इंजिनांत जाळी आणि राखपात्र एका खिळीवर असतात; खिळी ओढली की सगळं खाली पडतं. पण इंजिन वीस मिलिमीटर खाली बसलं की राखपात्र स्लीपरला किंवा सांध्याच्या पात्याला टेकतं. खिळी निघाली तरी जाळी पडायला जागाच नसते. मग दारातून लांब दांड्याच्या फावड्याने थोडा थोडा विस्तव काढून लोखंडी बादलीत टाकावा लागतो. बादली आधी हाताशी हवी. आजकाल इथल्या बऱ्याच क्लबांत जुन्या प्लॅस्टिकपासून बनवलेल्या स्लीपर असतात, त्यावर निखारे पडले की त्या वितळतात. लाकडी स्लीपर आणि वाळलेलं गवत असेल तर विचारायलाच नको. काढता येत नसेल तर कोरडी वाळू दारातून टाका, राखपात्राची झडप बंद करा आणि वाट बघा. फायरबॉक्समध्ये पाणी ओतू नका. तापलेलं तांबं एकदम आकसतं, आणि छत धरून ठेवणारे स्टे गळायला लागतात. ती दुरुस्ती म्हणजे जवळजवळ नवा बॉयलर.

आता उचलण्याकडे येऊ.

आधी मागचं ओझं सोडवा. डबे मागे ढकलून त्यांच्या चाकांखाली लाकडी पाचरी मारा. मग टेंडर. टेंडर आणि इंजिन यांच्यामध्ये पाण्याचे पाइप असतात, ब्रेकचा पाइप असतो, सुरक्षेची साखळी असते. इंजिन उचलताना यातलं काही राहिलं तर तेच आधी तुटतं. मात्र टेंडरमधल्या पाण्यावरच इंजेक्टर चालतो, म्हणून पाणी भरून झाल्यावरच पाइप काढायचे. जोडदांड्याची खिळी ताणामुळे अडकली असेल तर हातोडा मारू नका. टेंडरखाली पहार घालून दोन मिलिमीटर उचला, खिळी बोटाने निघते.

हाताने उचलणं चूक होतं का? हो, चूक होतं, आणि ताकद कमी पडली हे त्याचं कारण नाही. शेवटची जोडी रुळावर असल्यामुळे काही भार तिच्यावर राहतो, तरी पुढच्या टोकाला ऐंशी ते शंभर किलो येतात. दोघांत पन्नास-पन्नास. पण इंजिन खऱ्याच्या एक-अष्टमांश आकाराचं, बफरची मधली रेषा रुळापासून जेमतेम १३ सेंटीमीटरवर. इतक्या खाली वाकून, हात पुढे करून पन्नास किलो पेलणं म्हणजे कमरेचं वाटोळं. शिवाय वाकलेल्या माणसाचं डोकं नेमकं सेफ्टी व्हॉल्व्हच्या वर येतं. ८० पौंडांवर आतलं पाणी १६० अंशांच्या वर असतं. व्हॉल्व्ह त्याच क्षणी उडाला तर हातातलं इंजिन सुटतं, आणि ते कुणाच्या तरी बोटांवर पडतं.

पहार वापरा. चार फुटी पहार, टोकापासून १२ सेंटीमीटरवर लाकडाचा ठोकळा टेकू म्हणून. एकास नऊ अशी तरफ मिळते. शंभर किलोंना अकरा-बारा किलोंचा जोर पुरतो, एका हाताने दाबता येतं, आणि मुख्य म्हणजे इंजिन मिलिमीटर-मिलिमीटरने वर येतं. जॅक असेल तर आणखी चांगलं. मोटारीचा साधा बाटलीसारखा हायड्रॉलिक जॅक बफर बीमखाली, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या आडव्या पट्टीखाली, बसत नाही, उंची जास्त होते, म्हणून मी कातरीसारखा उघडणारा बुटका जॅक जवळ ठेवतो. टेकवायची जागा एकच: बफर बीमचा खालचा काठ, फ्रेमच्या अगदी जवळ. मागून उचलायचं असेल तर मागची तशीच पट्टी, ड्रॅग बीम. मध्ये लाकडाचा तुकडा घाला म्हणजे रंगही वाचतो आणि पहार घसरतही नाही. हँडरेल, पायफळी, धूरपेटीचं दार, सिलिंडर, दांडे, ब्रेकची जोडणी, राखपात्र यांतल्या कशालाही वजन पेलायला बनवलेलं नाही.

वडील शिकाऊ पोरांना सांगायचे, "हात घालू नकोस, लाकूड घाल." इंजिन जितकं वर येईल तितकं लाकूड फ्रेमखाली सरकवायचं. जॅक सुटू शकतो, पहार निसटू शकते, खाली लाकूड असेल तर इंजिन दहा मिलिमीटरच खाली येतं. चाक आणि रूळ यांच्यामध्ये बोट कधीच जाता कामा नये. चाक सरळ करायचं तर झाडूच्या दांड्याने.

बोलणारा माणूस एकच. बाकी सगळे गप्प. पहारेवर असलेल्याने त्याच्याच आवाजावर दाबायचं, त्याच्याच आवाजावर सोडायचं. माझा मुलगा बरोबर असतो तेव्हा आम्ही "एक, दोन, हां" म्हणतो. आता क्लबातले इंग्रज सभासदही "हां" वर दाबतात.

आता जी गोष्ट अनुभवाशिवाय कळत नाही ती. फ्रेम उचलली की चाकं लगेच उचलली जात नाहीत. चाकं स्प्रिंगवर असतात. फ्रेम वर जाते, चाकं आपल्या खोबणीत खाली लोंबतात. फ्रेम सहा-आठ मिलिमीटर वर गेल्यावर कुठे चाक जागचं हलतं. त्यात पुढची लहान चाकं एका खुंटीवर फिरणारी, ती तर लोंबतातही आणि आडवी वळतातही. ड्रायव्हिंगची चाकं बरोबर रुळावर आली, आणि लहान चाकं मात्र तिरकी होऊन रुळाच्या बाहेर बसली, असं मी कितीदा तरी पाहिलंय. मग पुन्हा उचला. यावर उपाय सोपा आहे: उचलण्याआधी लहान चाकांच्या चौकटीभोवती जाड सुतळी किंवा पट्टा घालून ती बफर बीमला घट्ट बांधून टाका, सरळ राहतील अशी. चाकं फ्रेमबरोबरच वर येतात. ड्रायव्हिंगच्या जोडीसाठी एक्सलबॉक्स, म्हणजे एक्सल धरणारा ठोकळा, आणि त्याच्या खालची पट्टी यांच्यामध्ये लाकडाची पातळ चीप सरकवली तरी लोंबणं थांबतं.

मग आडवं सरकवणं. तुमच्या इंजिनाला बहुधा वीत-दीड वीत सरकवायचं नव्हतं, पन्नास-साठ मिलिमीटरच असेल. त्यासाठी जॅकच्या वर दोन लोखंडी पत्रे ठेवायचे, मध्ये भरपूर ग्रीस. वरच्या पत्र्यावर इंजिन, खालचा जॅकवर. दोन बोटांनी ढकललं तरी पुढचं टोक सरकतं. फ्लँज रुळाच्या माथ्यापासून दोन-तीन मिलिमीटर वर आली की पुरे, त्याहून उंच उचलण्यात काही मिळवायचं नसतं. आधी ड्रायव्हिंगच्या जोड्या रुळावर टेकवा, मग सुतळी सोडून लहान चाकं दांड्याने मार्गी लावा.

काही जण उतरते ठोकळे वापरतात आणि मागून इंजिन ओढून घेतात. सरळ रुळावर, एकच जोडी उतरली असेल तर हे छान चालतं. ठोकळ्यांची उंची मात्र वेगवेगळी लागते. रुळाच्या बाहेर पडलेलं चाक फ्लँजवर चढून रुळाच्या माथ्यावरून आत यायचं असतं, म्हणून तिकडचा ठोकळा माथ्याच्या पातळीला. दोन रुळांच्या मध्ये पडलेल्या चाकाची फ्लँज आतच राहायची असते, म्हणून तिकडचा ठोकळा फ्लँजच्या खोलीएवढा, पाच-सहा मिलिमीटर, खाली. तुमच्यासारखं सांध्यावर घसरलं असेल तर ओढणं विसरा. पातं वाकतं, स्लीपरवरचे स्क्रू उपटले जातात, आणि इंजिनाबरोबर रुळांचीही दुरुस्ती गळ्यात पडते.

पाच इंची गेजच्या उंचावरच्या रुळांवर प्रकरण वेगळं आहे. तिथे वजन कमी, पण खाली पडण्याची भीती जास्त. एक चाक उतरलं तर दोन्ही बाजूंनी आधी धरा, मगच बाकीचं बघा. आणि पंधरा इंची गेजवर, म्हणजे केंटमधल्या १९२७ साली सुरू झालेल्या रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वेसारख्या मार्गावर, इंजिन कित्येक टनांचं असतं. तिथे हे सगळं खऱ्या रेल्वेसारखंच होतं.

इंजिन रुळावर आलं. आता तुमचं ठिबकणारं पाणी. उजव्या सिलिंडरखाली सगळ्यात लोंबती वस्तू म्हणजे ड्रेन कॉक. चाक खाली गेलं की पहिला मार तिलाच बसतो, एक तर ती वाकते किंवा तिचा आटा फुटतो. तुमच्याकडे हेच झालं असावं. ती काढून बघा. आटा सिलिंडरमध्ये तुटला असेल तर ओढाताण न करता नीट ड्रिल करून काढा. ही कॉक उघडत नसेल, तर त्या इंजिनाला वाफ देऊ नका. यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका सार्वजनिक दिवशी माझं इंजिन असंच नाक खाली करून बसलं. आम्ही चौघांनी उचललं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी रेग्युलेटर उघडला. कलंडल्यावर बॉयलरचं पाणी पुढे गेलं होतं, वाफेच्या नळीतून सिलिंडरमध्ये उतरलं होतं. ड्रेन कॉक वाकून बंद झाली होती, ते मी बघितलं नव्हतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन पाण्यावर आदळला, सिलिंडरच्या पुढच्या झाकणाचे चार स्टड उपटले, आणि कनेक्टिंग रॉड नजरेला दिसेल इतका वाकला. तो आवाज अजून कानात आहे. मुलं जवळ उभी होती. कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून रुळावर आलेलं इंजिन मी आधी हाताने ढकलतो. दोन्ही ड्रेन कॉक उघड्या, रेग्युलेटर बंद, चाकांचे पूर्ण दोन फेरे. पाणी बाहेर पडतं, आणि कुठे दांडा अडकतोय, कुठे क्रॅंकपिन वाकलीय, ते हाताला लागतं. एका जागी जड, एका जागी हलकं असं वाटलं तर तिथेच थांबा.

मग चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर मोजा. सव्वासात इंची गेजला ते सर्रास १७३ मिमी ठेवतात, पाच इंचीला ११९. तुमच्या क्लबाचं माप वेगळं असेल तर त्याच्याशी ताडा. चाकाच्या तीन ठिकाणी मोजा. तिन्हीकडे सारखं आलं नाही तर एक्सल वाकलाय. तिन्हीकडे सारखं आलं पण ठरलेल्या मापापेक्षा कमी किंवा जास्त आलं तर चाक एक्सलवर सरकलंय. चाक एक्सलवर सैल होऊन फिरलं तर तेही पुढच्या वेळी पटकन कळावं म्हणून चाक आणि एक्सलच्या टोकावर पांढऱ्या रंगाची एक बारीक सलग रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की चाक फिरलं. जुन्या इंजिनात हे हमखास करावं, कारण आधीच्या मालकाने चाक दाबून बसवलंय की चिकटवून, हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

बॉयलरबद्दल एकच सांगतो. घसरल्यापासून उचलेपर्यंत ग्लासमध्ये पाणी दिसत होतं, असं तुमच्यापैकी कुणी खात्रीने सांगू शकत असेल, तर ठीक. कुणालाच आठवत नसेल, तर क्लबाच्या बॉयलर तपासनिसाला स्पष्ट सांगा आणि पाणीदाबाची चाचणी मागा. इथल्या नियमांप्रमाणे नव्या बॉयलरची चाचणी कामाच्या दाबाच्या दुप्पट आणि नंतरची दीडपट दाबावर होते. ८० पौंडांच्या बॉयलरला १२० पौंड. फायरबॉक्सचं छत आतून आरशात बघून घेतील. यात लपवण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काही नाही.

आता मूळ प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाही: ते घसरलं का? हे कळल्याशिवाय त्याच सांध्यावर ते पुन्हा घसरेल. फ्लँज रुळावर चढते तिथे रुळाच्या माथ्यावर तिरकी, चकचकीत बारीक रेघ उमटते, आणि चाक पडण्याच्या जागेच्या फूट-दीड फूट आधी तिची सुरुवात असते. लोकांचे बूट फिरायच्या आत तिथे खडूने खूण करा. रेघ नसेल, चाक सरळ खाली पडलं असेल, तर गेज रुंदावलंय किंवा सांध्याचं पातं नीट मिटलं नव्हतं. पात्यात अडकलेला कोळशाचा एक बारीक खडा पुरतो. तो खडा अजून तिथेच असेल, बघा.

रेघ असेल तर त्या चाकावर वजन कमी येत होतं. न्हाणीघरातला वजनकाटा आणा, बाकीची चाकं त्याच उंचीच्या लाकडांवर ठेवा, आणि एकेका चाकाखालचं वजन लिहून काढा. डाव्या-उजव्या चाकांत बराच फरक असेल तर स्प्रिंग तिथे कडक आहे किंवा अडकलेली आहे. लहान चाकांवर फारच कमी वजन येत असेल तर ती इंजिनाला वळवत नाहीत, नुसती बरोबर धावतात. आणि रुळांतला पीळ मोजा: दर अर्ध्या मीटरवर आडवी पातळी बघत जा. इंजिनाच्या चाकांच्या अंतरात दोन-तीन मिलिमीटरचा पीळ असला, तरी कडक स्प्रिंगांच्या इंजिनाचं एक चाक अधांतरी होतं.

तुम्ही पत्रात लिहिलंय की हे वेड माथेरानच्या गाडीपासून लागलं. मग हे तुम्हाला आवडेल. १९०७ साली नेरळ-माथेरान मार्ग सुरू झाला तेव्हा तिथली ओरेन्स्टाइन अँड कॉपेलची इंजिनं क्लीन-लिंडनर पद्धतीच्या पोकळ एक्सलची होती. पहिली आणि शेवटची जोडी फ्रेममध्ये असूनही वळणावर थोडी तिरकी होऊ शकायची, म्हणजे दोन फुटी गेजच्या त्या अवघड वळणांवर फ्लँजवर जोर कमी. त्यांपैकी ७४० क्रमांकाचं इंजिन इंग्लंडमध्येच आहे. तुमच्या इंजिनात तेच काम पुढची लहान चाकं करतात. ती डावी-उजवीकडे किती सरकतात, आणि हात सोडल्यावर मधोमध परत येतात का, ते तपासा. येत नसतील तर मधली स्प्रिंग मेलीय, आणि मला वाटतं तुमचं कारण तिथेच सापडेल.

राहिली हँडरेल. सरळ करायला जाऊ नका, वाकलेल्या जागी कायम लहर राहते. चार मिलिमीटरचा स्टेनलेसचा गोल रॉड आणा आणि नवी करा, खांब तेच वापरा. पण बसवायच्या आधी खांबांचे नट आतून बघा. इंजिनाचं वजन त्यांनी पेललंय, एखादा आटा गेलेला असेल.